थॅलेसेमिया आणि इंट्रॉन: जनुकातल्या 'बिनकामाच्या' भागातली एक चूक किती महागात पडते?

थॅलेसेमिया मेजर असलेल्या मुलाला साधारण दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त द्यावं लागतं. भारतात बीटा थॅलेसेमियामागे सर्वात जास्त आढळणारा जनुकीय बदल प्रथिनाचा मजकूर असलेल्या भागात नाहीच. तो आहे इंट्रॉनमध्ये, म्हणजे जो भाग शेवटी कापून टाकला जातो त्यात.

इंट्रॉन म्हणजे काय?

जनुकातला प्रथिनाचा मजकूर सलग नसतो. मजकुराचे तुकडे म्हणजे एक्झॉन आणि त्यांच्या मधले तुकडे म्हणजे इंट्रॉन. १९७७ मध्ये रिचर्ड रॉबर्ट्स आणि फिलिप शार्प यांच्या गटांनी हे स्वतंत्रपणे दाखवलं. त्याबद्दल दोघांना १९९३ चं नोबेल मिळालं.

पेशी आधी संपूर्ण जनुकाची आरएनए प्रत काढते. मग स्प्लायसोसोम नावाची यंत्रणा इंट्रॉन कापते आणि एक्झॉन जोडते. याला स्प्लायसिंग म्हणतात. त्यातून तयार झालेला संदेशवाहक आरएनए केंद्रकाबाहेर जातो आणि त्यावरून प्रथिन बनतं.

एका अक्षराने काय बिघडतं?

हिमोग्लोबिनमधल्या बीटा ग्लोबिनच्या जनुकात तीन एक्झॉन आणि दोन इंट्रॉन आहेत. कुठे कापायचं, हे इंट्रॉनच्या टोकांजवळची अक्षरं सांगतात. पहिल्या इंट्रॉनच्या पाचव्या जागी 'जी' ऐवजी 'सी' आलं, की ही खूण पुसट होते. या बदलाला 'आयव्हीएस १-५' म्हणतात. मग यंत्रणा बऱ्याचदा जवळच्या चुकीच्या जागी कापते. योग्य संदेश थोडाच तयार होतो, बीटा ग्लोबिन कमी पडतं आणि रक्तक्षय होतो.

सिकलसेलची गोष्ट वेगळी आहे. महाराष्ट्रात गडचिरोली, नंदुरबारसारख्या आदिवासी भागांत आढळणाऱ्या या आजारातही बदल याच जनुकात आणि एकाच अक्षराचा असतो, पण तो एक्झॉनमध्ये. तिथे प्रथिनाचा प्रकार बदलतो, तर आयव्हीएस १-५ मध्ये प्रथिनाचं प्रमाण घटतं.

मग इंट्रॉन हवेतच कशाला?

• एकाच जनुकातले एक्झॉन वेगवेगळ्या प्रकारे जोडून अनेक प्रथिनं बनवता येतात. माणसाकडे प्रथिनं बनवणारी जनुकं सुमारे २० हजारच आहेत, प्रथिनांचे प्रकार मात्र त्याहून बरेच जास्त.
• स्प्लायसिंगनंतर सांध्याजवळ प्रथिनांची एक खूण राहते. संदेश केंद्रकाबाहेर नेण्यात आणि सदोष संदेश ओळखून नष्ट करण्यात ती मदत करते.
• अनेक जनुकांतले इंट्रॉन काढून टाकले तर प्रथिन कमी बनतं. बीटा ग्लोबिन हे त्याचं जुनं, अभ्यासलेलं उदाहरण आहे.

आपल्यासाठी याचा अर्थ काय?

थॅलेसेमियाचा वाहक सहसा ठणठणीत असतो, त्यामुळे त्याला स्वतःला पत्ताच नसतो. आई-वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला थॅलेसेमिया मेजर होण्याची शक्यता २५ टक्के असते.

वाहक ओळखण्यासाठी सीबीसी आणि 'हिमोग्लोबिन ए-टू' ही रक्ततपासणी करतात. लग्नाआधी किंवा गरोदरपणाच्या सुरुवातीलाच ती करून घेणं उत्तम. दोघेही वाहक निघाले, तर नेमका बदल कोणता हे डीएनए तपासणीतून कळतं आणि गर्भाचीही तपासणी करता येते. मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारातील आयसीएमआरची राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था याच विषयावर काम करते.