किंगपिन बसली का? : सूचनांची यादी इतिहासाचं साधन म्हणून वाचताना

पेट आणि नेटची तयारी करणारे, किंवा सिनॉप्सिस लिहायला बसलेले बरेच जण एकच प्रश्न विचारतात : "विषय सुचलाय, पण साधनं कुठे मिळतील?" साधनं म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पुराभिलेखागार, जुनी दप्तरं, पिवळी पडलेली वर्तमानपत्रं येतात. ती लागतातच. पण तंत्रज्ञानाच्या आणि श्रमाच्या इतिहासात एक साधन अगदी हाताशी असतं आणि आपण ते वाचतच नाही. ते म्हणजे सूचनांची यादी. 'आधी हे करा, मग ते करा, आणि हे केल्याशिवाय पुढे जाऊ नका' अशी.

आज अशीच एक यादी घेऊ. अमेरिकेत मोठा ट्रक चालवण्याचा परवाना हवा असेल तर उमेदवाराला एक पुस्तिका वाचावी लागते. ट्रकला मागचा ट्रेलर सुरक्षितपणे कसा जोडायचा, हे तिच्यात पायरीपायरीने दिलेलं असतं. वरवर पाहिलं तर कंटाळवाणं वाचन. पण या यादीला नीट प्रश्न विचारले, तर शंभर-सव्वाशे वर्षांचा एक वाद तिच्यातून बाहेर येतो : यंत्र चुकलं तर जबाबदार कोण?

आधी वस्तू समजून घेऊ

लांब पल्ल्याचे कंटेनर ट्रेलर तुम्ही पाहिलेच असतील. पुढे इंजिन आणि केबिन असलेला ट्रक, मागे लांबलचक ट्रेलर. या ट्रेलरला पुढची चाकं नसतात. त्याचं पुढचं टोक ट्रकच्या पाठीवर टेकलेलं असतं. आपल्या बैलगाडीचं थोडं वजन जुवावाटे बैलांच्या मानेवर येतं ना, तसंच हे. म्हणूनच याला 'सेमी-ट्रेलर' म्हणतात.

ट्रकच्या पाठीवर जी जाड, ग्रीस लावलेली, मागच्या बाजूला खाच असलेली पोलादी थाळी असते, ती 'फिफ्थ व्हील'. ट्रेलरच्या पुढच्या भागाखाली एक जाड पिन उभी लोंबत असते, ती 'किंगपिन'. तिची मान साधारण दोन इंच जाडीची, आणि मानेखाली रुंद डोकं. ट्रक मागे येतो, किंगपिन खाचेत शिरते आणि आतले जबडे तिच्या मानेभोवती मिटतात. झालं, ट्रेलर जोडला गेला.

आता तुम्ही म्हणाल, थाळीला 'पाचवं चाक' का म्हणायचं? उत्तर घोडागाड्यांत आहे. दोन चाकांचा टांगा वळतो तेव्हा सगळाच वळतो. चार चाकांच्या गाडीचा पुढचा आस मात्र स्वतंत्रपणे फिरावा लागतो. त्यासाठी आसावर एक आडवी गोल कडी बसवत, तीच पाचवं चाक. मुंबईच्या व्हिक्टोरियासारख्या चारचाकी बग्ग्यांची पुढची चाकं याच तत्त्वावर वळत. घोडे गेले, आकार बदलला, नाव मात्र टिकलं. टिकून राहिलेली अशी नावं दिसली की तिथे थांबा. वस्तू कुठून आली याचा पहिला धागा बऱ्याचदा नावातच सापडतो.

यादी काय सांगते?

परवान्याच्या पुस्तिकेतली यादी थोडक्यात अशी आहे. थाळी तपासा : ग्रीस आहे का, ती मागच्या बाजूला झुकलेली आहे का, जबडे उघडे आहेत का. ट्रेलरच्या चाकांना ठोकळे लावा. ट्रक ट्रेलरच्या सरळ रेषेत आणा, तिरका घालू नका. थाळी ट्रेलरला टेकेपर्यंत हळू मागे या आणि उतरून उंची बघा. ट्रक खाली शिरताना ट्रेलर किंचित उचलला जाईल, इतपत तो खाली हवा. हवेच्या नळ्या जोडा, ट्रेलरचे ब्रेक लावा आणि मग मागे या. जबडे मिटले की ट्रक हलकेच पुढे ओढून पाहा.

इथे यादी संपायला हवी होती, नाही का? जबडे आपोआप मिटतात, ओढूनही पाहिलं. पण पुस्तिका म्हणते, आता खाली उतरा. थाळी आणि ट्रेलर यांच्यात फट नाही ना ते पाहा. मग ट्रेलरखाली जा आणि थाळीच्या मागून आत बघा. जबडे किंगपिनच्या मानेभोवती मिटलेत, की डोक्याभोवती? लॉकची दांडी जागेवर आहे का? हे सगळं पाहिल्यावरच ट्रेलरचे टेकू-पाय वर घ्यायचे.

कारण तांत्रिक आहे. ट्रेलर गरजेपेक्षा उंच असेल तर किंगपिन नीट खाली उतरत नाही. ती मिटलेल्या जबड्यांवर नुसती टेकते, किंवा जबडे फक्त तिचं डोकं पकडतात. हलकेच ओढून पाहिलं तर अशी जोडणी कधीकधी टिकूनही राहते, आणि पुढे खड्ड्यात किंवा वळणावर सुटते. फट दिसणं ही त्याची खूण. म्हणून डोळ्यांनी बघणं अटळ.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला इथे प्रश्न पडायला हवा : जे यंत्र 'आपोआप' जोडतं, त्याची खातरजमा करायला माणूस वाकून खाली का जातो?

रेल्वेने दिलेलं वेगळं उत्तर

या प्रश्नाला शेजारच्याच एका क्षेत्राने आधी उत्तर दिलं होतं. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतल्या रेल्वेचे डबे 'लिंक आणि पिन' पद्धतीने जोडत. ब्रेकमन दोन डब्यांच्या मध्ये उभा राहायचा, लोखंडी कडी हाताने समोरच्या खोबणीत घालायचा आणि वरून पिन टाकायचा. डबा हलत असतानाच. बोटं, हात, जीव जाणं हा त्या कामाचाच भाग मानला जाई.

१८७३ मध्ये एली जॅनी याने आपोआप जुळणाऱ्या कपलरचं पेटंट घेतलं. दोन वळलेल्या मुठी एकमेकींत अडकाव्यात तशी त्याची रचना. उपाय सापडला, पण म्हणून कंपन्यांनी तो लगेच लावला असं झालं नाही. आयोवाचा लोरेंझो कॉफिन वर्षानुवर्षं त्यासाठी प्रचार करत राहिला. शेवटी २ मार्च १८९३ रोजी राष्ट्राध्यक्ष बेंजामिन हॅरिसन यांनी 'सेफ्टी अप्लायन्स अ‍ॅक्ट'वर सही केली. डबे धक्क्याने आपोआप जुळले पाहिजेत आणि सोडवताना माणसाला दोन डब्यांच्या मध्ये जावं लागू नये, अशी अट कायद्याने घातली. कर्तव्य टाकलं ते रेल्वे कंपनीवर.

पण कायदा झाला म्हणजे प्रश्न सुटला असं समजू नका. ऑगस्ट १९०० मध्ये युटातल्या प्रॉमन्टरी इथे जॉन्सन नावाच्या ब्रेकमनला इंजिन एका डायनिंग कारला जोडायला सांगितलं गेलं. इंजिनाला जॅनी कपलर होता, डायनिंग कारला मिलर हुक. आपापल्या जातीच्या कपलरशी दोन्ही आपोआप जुळत, एकमेकांशी मात्र जुळत नव्हते. जॉन्सन मध्ये गेला आणि त्याने हात गमावला. खालच्या न्यायालयांत तो हरला. इंजिन म्हणजे 'कार' नव्हे आणि दोन्ही बाजूंना स्वयंचलित कपलर होते, मग कायदा पाळला गेलाच की, असा तो युक्तिवाद. १९०४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. प्रत्यक्षात एकमेकांशी जुळत नसतील तर नुसतं 'स्वयंचलित' असून भागत नाही, आणि इंजिनही कायद्याच्या कक्षेत येतं, असा निकाल दिला.

हा खटला टिपून ठेवा. वस्तूवर 'स्वयंचलित' असं लिहिलेलं असणं आणि वापरताना माणसाचा हात सुरक्षित असणं, यातलं अंतर दाखवणारं इतकं स्पष्ट साधन क्वचित मिळतं.

रस्त्यावरची गोष्ट आणि 'पहिला कोण' हा सापळा

आता परत रस्त्यावर येऊ. सेमी-ट्रेलर पहिल्यांदा कुणी बनवला? बऱ्याच ठिकाणी डेट्रॉइटचा लोहार ऑगस्ट फ्रुहॉफ याचं नाव दिसेल. १९१४ मध्ये फ्रेडरिक सिब्ली या लाकूड व्यापाऱ्याला आपली बोट फोर्ड मॉडेल टी मोटारीने ओढून न्यायची होती. फ्रुहॉफने त्याला ट्रेलर करून दिला. मग सिब्लीने लाकडासाठीही तसेच ट्रेलर मागवले. कुणी क्लीव्हलँडच्या अलेक्झांडर विंटनचं नाव घेतं, कारण विकलेल्या मोटारी पोचवण्यासाठी त्याने त्याही आधी असं वाहन वापरलं. तर ट्रकवरच्या फिफ्थ व्हीलच्या संदर्भात चार्ल्स मार्टिनचं नाव येतं.

विद्यार्थी इथेच अडकतात आणि 'पहिला कोण' यावर अख्खं प्रकरण खर्ची घालतात. त्याआधी बघा, हे दावे कुणी जपले? बरेचदा कंपन्यांनी, स्वतःच्या इतिहासात. शिवाय तिघांचे दावे एकाच वस्तूबद्दल नाहीत : एक ट्रेलरचा, एक वापराचा, एक जोडणीच्या थाळीचा. प्रश्न बदलला की साधनांचं मोलही बदलतं. 'पहिला कोण' ऐवजी 'जोडणीतला धोका कुणाच्या वाट्याला आला' असं विचारा. मग परवान्याची पुस्तिका कंपनीच्या गौरवग्रंथापेक्षा जास्त बोलते.

मग माणूस खाली का जातो?

माझं वाचन असं आहे. रेल्वेत रूळ दोन्ही डब्यांना एका रेषेत धरून ठेवतात आणि कपलरची उंची ठरावीक मर्यादेत ठेवता येते. रस्त्यावर यातलं काहीच हमखास नसतं. जमीन उंचसखल असते, ट्रेलर भरलेला की रिकामा यावर उंची बदलते, टेकू-पाय कुणी किती फिरवून ठेवलेत यावरही बदलते. जुळणी बिघडवणाऱ्या गोष्टी यंत्राच्या बाहेर आहेत. म्हणून तपासणी माणसाकडे येते.

पण इथे एकतर्फी निष्कर्ष काढू नका. 'रेल्वेत कायद्याने कंपनीला धरलं, रस्त्यावर ड्रायव्हरला' हे वाक्य आकर्षक आहे, आणि अर्धंच खरं आहे. अमेरिकेच्या संघीय नियमांनुसार सहज सोडता येणाऱ्या फिफ्थ व्हीलचं लॉक जोडताना आपोआप लागलंच पाहिजे. म्हणजे यंत्रावरही बंधन आहे. दुसरीकडे १९८६ च्या कायद्याने व्यावसायिक ड्रायव्हरांसाठी देशभर समान किमान निकष आणले, आणि १ एप्रिल १९९२ पासून ते बंधनकारक झाले. ड्रायव्हरचं ज्ञान परीक्षेचा भाग झालं. दोन्ही थर एकमेकांवर बसलेत. अपघातानंतर चौकशीत कोणता थर पुढे केला जातो, हा खरा संशोधनप्रश्न.

याला एक जोड-उदाहरण. अमेरिकेत हौशी कुटुंबं पिकअप ट्रकच्या हौद्यात फिफ्थ व्हील बसवून मोठे राहते ट्रेलर ओढतात. तत्त्व तेच : किंगपिन, जबडे, ओढून पाहणं, फट तपासणं. भर दोन गोष्टींची. मागचं फळकूट आधी खाली करायचं, आणि ट्रेलर सुटलाच तर त्याचे ब्रेक लावणारी केबल थेट ट्रकला बांधायची, हिचला नाही. हिचच निखळला तर केबल ओढली जाणार कशी? बहुतेक राज्यांत अशा कुटुंबाला व्यावसायिक परवाना लागत नाही. म्हणजे तोच धोका, पण परीक्षा नाही. मग यादी पोचते कुठून? उत्पादकाच्या माहितीपुस्तकातून, विक्रेत्याकडून, शेजारच्या अनुभवी माणसाकडून. एकच यादी दोन समाजांत दोन वाटांनी फिरते. अभ्यासायला उत्तम विषय!

तुमच्या विषयासाठी तीन प्रश्न

कुठलीही सूचनायादी हाती आली की तिला हे विचारा.

एक, कोणत्या पायरीवर यादी यंत्रावर विश्वास ठेवत नाही? 'उतरा', 'वाकून बघा', 'पुन्हा तपासा' असे शब्द शोधा.

दोन, ती पायरी कुणाच्या शरीराला कुठे नेते? डब्यांच्या मध्ये, ट्रेलरखाली, की सुरक्षित अंतरावर?

तीन, ती पायरी यादीत कधी आली? 'प्रत्येक नियम रक्ताने लिहिलेला असतो' असं म्हणायची पद्धत आहे. ऐकायला छान, पण तो पुरावा नाही. यादीच्या जुन्या आवृत्त्या एकमेकींशेजारी ठेवा, बदल टिपा, आणि मग त्या काळातले खटले नि चौकशी अहवाल बघा. संबंध सापडला तर लिहा, नाही सापडला तर तसं लिहा.

आपल्याकडे न्हावा-शेव्याचं बंदर १९८९ पासून सुरू आहे आणि तिथून रोज ट्रेलर सुटतात. जोडणी शिकवणारी छापील यादी तिथे कुणाच्या हाती असते आणि उस्तादाकडून क्लीनरकडे तोंडी काय जातं, हा प्रश्न तुमच्यापैकी कुणीतरी उचलावा असं मनापासून वाटतं. मुलाखती घ्याव्या लागतील, धूळ खावी लागेल. पण सुरुवातीचा प्रश्न सोपाच आहे, आणि तिथल्या कुणालाही विचारता येईल : "जोडलं गेलंय हे तुम्ही कशावरून ओळखता?"