पालकत्वाचें दप्तर

ज्यांची गांवाकडे थोडीबहुत जमीन आहे, त्यांना सातबाऱ्याच्या उताऱ्यावर नांवापुढें येणारा 'अ. पा. क.' हा शेरा परिचयाचा असेल. अज्ञान पालनकर्ता, असा त्याचा अर्थ. बाप वारला, मुलगा सात वर्षांचा आहे, म्हणून आईचें नांव त्याच्या नांवाशीं जोडलें जातें. मुलगा सज्ञान झाला म्हणजे अर्ज देऊन तो शेरा कमी करून घ्यावयाचा. ह्या पालकत्वाला मुदत आहे. परंतु वयानें सज्ञान असूनही ज्याला स्वतःचें हित कळत नाहीं, आणि जो घर सोडून एखाद्या आश्रमांत वा रुग्णालयांत परक्यांच्या हातचें अन्न खातो, त्याचा पालक कोण? आणि त्या पालकाचा हिशेब कोण तपासतो? मुंबई व तिच्या उपनगरांपुरता ह्या प्रश्नाचा इतिहास आज आपणांपुढें ठेवावयाचा आहे.

१८२३ च्या सनदेनें मुंबईस सुप्रीम कोर्ट स्थापन झालें, तेव्हांच अज्ञान मुलें व वेडे (त्या काळचा शब्द वापरतों) यांच्या पालकत्वाचा अधिकार त्याजकडे आला. कुलाब्याचें वेड्यांचें इस्पितळ १८२६ चें. पुढें १८५८ सालीं ह्या एका विषयावर एकदम तीन कायदे झाले: एक सुप्रीम कोर्टांच्या हद्दीसाठीं, दुसरा मुफसलासाठीं, तिसरा इस्पितळांसाठीं. आमचें माहुल त्या वेळीं साष्टी तालुक्यांत, म्हणजे ठाणें जिल्ह्यांत मोडे. मुंबई उपनगर जिल्हा निर्माण झाला तो १९२० सालीं. तेव्हां माहीमच्या रुग्णाची चौकशी सामान्यतः मुंबईच्या वरिष्ठ कोर्टांत, तर खाडीपलीकडील माहुलच्या रुग्णाची ठाण्याच्या जिल्हा कोर्टांत, असा प्रकार होता.

१९१२ च्या कायद्यांतील दोन गोष्टी मला फार महत्त्वाच्या वाटतात. पहिली अशी, कीं वेड्याच्या देहाचा पालक व त्याच्या मालमत्तेचा व्यवस्थापक हे दोन वेगळे अधिकार मानलेले होते, आणि जो कायदेशीर वारस असेल त्यास देहाचा पालक नेमूं नये, असा दंडक होता. कारण उघड आहे. रुग्ण जगला तर खर्च, मेला तर इस्टेट. अशा माणसाच्या ओटींत तो जीव घालणें म्हणजे लांडग्याला कोकरूं राखावयास सांगणें होय. ही शंका मूळची इंग्रज न्यायाधीशांची. आपल्या एकत्र कुटुंबांत मुलगा हाच वारस आणि शुश्रूषाही त्यानेंच करावयाची, तेव्हां ती सरसकट लागू करणें अन्यायाचें झालें असतें. म्हणून कायद्यानें अपवाद ठेवला: नेमणूक रुग्णाच्या हिताची आहे असें न्यायालयास वाटल्यास त्यानें कारणें लेखी नमूद करून वारसाला नेमावें. कारणें लेखी नमूद करून! सारें मर्म ह्या चार शब्दांत आहे. मुलावर अविश्वास नाहीं, पण विश्वास कां ठेवला तें कागदावर उतरलें पाहिजे.

दुसरी गोष्ट हिशेबाची. व्यवस्थापकानें सहा महिन्यांच्या आंत स्थावर, रोकड, देणें-येणें यांची यादी कोर्टांत द्यावी, आणि त्या जिल्ह्यांत जो शक वा संवत् चालत असेल त्याचें वर्ष संपल्यापासून तीन महिन्यांत दरसाल हिशेब सादर करावा. व्यापाऱ्याची वही दिवाळीला फिरते हें परक्या सरकारलाही ध्यानांत घ्यावें लागलें होतें, ह्याची मला मौज वाटते.

आतां माहुलपासून जवळच असलेल्या मानखुर्दकडे वळूं. तेथें चिल्ड्रेन्स एड सोसायटीनें १९४१ सालीं मतिमंद मुलांसाठीं वसतिगृह काढलें. संस्थेच्या ताब्यांत मूल असणें ही एक गोष्ट, आणि तें अठरा वर्षांचें झाल्यावर त्याच्या वतीनें सही करण्याचा अधिकार असणें ही अगदीं वेगळी गोष्ट. १९१२ च्या व्याख्येंत जन्मतः मंदबुद्धि असलेले लोकही येत. १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानें त्यांना वगळलें. तें योग्यच होतें, कारण मंदबुद्धि हा रोग नव्हे. परंतु हा कायदा १ एप्रिल १९९३ रोजीं अंमलांत आला, आणि अशा प्रौढांसाठीं पालक नेमण्याची नवी तरतूद झाली ती राष्ट्रीय न्यास कायद्यानें, १९९९ च्या अखेरीस. मधल्या काळांत आईबापांच्या पश्चात् ह्या माणसांचें काय, ह्यास कायद्यांत नीटसें उत्तर नव्हतें. न्यासाच्या कायद्यांत स्थानिक समिति पालक नेमते, आणि यादी सहा महिन्यांत, हिशेब तीन महिन्यांत, हा जुना नियम तसाच आहे.

२०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू झाला. रुग्णास आपला प्रतिनिधि स्वतः निवडण्याचा हक्क त्यानें दिला, ही मोठीच सुधारणा होय. मात्र १९८७ च्या कायद्यांत मालमत्तेच्या व्यवस्थापकाचें जें प्रकरण होतें, तें नव्या कायद्यांत उतरलें नाहीं. राष्ट्रीय न्यासाच्या यादींत स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, मतिमंदत्व व बहुविकलांगता एवढींच आहेत. म्हातारपणच्या स्मृतिभ्रंशाला तेथें जागा नाहीं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यांतील मर्यादित पालकत्व हें पालक व व्यक्ति यांनीं मिळून निर्णय घेण्यासाठीं आहे. जो बेशुद्ध पडून आहे त्याच्याशीं मिळून काय ठरवावयाचें?

वृद्धाश्रमाच्या नोंदवहींत 'जबाबदार नातेवाईक' म्हणून सही केली कीं आपण पालक झालों, असें अनेक सुशिक्षित घरांत समजलें जातें. ती सही आश्रमाच्या मासिक खर्चापुरती. तिच्या जोरावर बँकेंतील ठेव मोडतां येत नाहीं, आणि ती करणाऱ्यास कोणी हिशेबही विचारीत नाहीं. म्हणून वृद्धेच्या औषधपाण्यासाठीं तिचाच पैसा काढावयाचा झाला तर मुलें घटनेच्या २२६ व्या कलमाखालीं उच्च न्यायालयांत जातात, आणि मुंबईच्या उच्च न्यायालयानें अशा प्रकरणीं पालक नेमलेही आहेत. केरळच्या उच्च न्यायालयानें २०१९ सालीं बेशुद्धावस्थेंतील रुग्णांसाठीं नियमावलीच घालून दिली. त्या नियमांप्रमाणें नेमलेल्या पालकानें दर सहा महिन्यांनीं न्यायालयाकडे अहवाल पाठवावयाचा असतो.