चौकट आणि ध्वनी : पुण्यातील एका शिक्षणाचा इतिहास

मराठीत या कलेला जी नावे मिळाली त्यांत ऐकण्याला जागा नाही. 'चित्रपट' हा शब्द पटावरच्या चित्राशी संबंध जोडतो. त्याचा भोक्ता 'प्रेक्षक', म्हणजे पाहणारा. ध्वनी आल्यावर 'बोलपट' हा शब्द काही वर्षे रूढ झाला खरा, पण त्याने ध्वनीला बोलण्यापुरते आखडून टाकले आणि पुढे तोही मागे पडला. नावांचा हा पक्षपात केवळ कोशापुरता राहिलेला नाही. साहित्यकृतीवरून केलेल्या चित्रपटाची चर्चा करताना मराठी समीक्षा आजही बहुधा कथानकात काय गाळले आणि काय वाढवले याची यादी करते. ध्वनिपटाचा उल्लेख झालाच तर तो गाण्यांच्या निमित्ताने होतो. या पार्श्वभूमीवर पुण्यात सहाव्या-सातव्या दशकात चित्रपट शिकू पाहणाऱ्या विद्यार्थ्याला पहिला धक्का कानाच्या बाजूने बसला, ही गोष्ट तपासून पाहण्यासारखी आहे.

भारत सरकारने १९६० साली पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूट ऑफ इंडियाची स्थापना केली. अशी शिक्षणसंस्था असावी ही शिफारस स. का. पाटील यांच्या अध्यक्षतेखालील चित्रपट चौकशी समितीने १९५१ च्या अहवालातच केली होती. संस्थेला जागा मिळाली ती प्रभात फिल्म कंपनीच्या स्टुडिओची. या योगायोगाकडे इतिहासकार भावुकतेने पाहतात. त्यातील विसंगतीकडे मात्र फारसे कोणी लक्ष देत नाही. प्रभातमध्ये शिक्षण होते, पण शाळा नव्हती. दामले, फत्तेलाल, शांताराम ही मंडळी बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत उमेदवारी करून तयार झाली होती. तेथे रंग, नेपथ्य, कॅमेरा, अभिनय यांच्या सीमा आखलेल्या नव्हत्या आणि हात चालता चालता डोळा तयार होत असे. १९२९ साली कोल्हापुरात प्रभातची स्थापना झाली, १९३३ मध्ये ती पुण्यास आली, आणि दरम्यानच्या काळात ध्वनी आला. तेव्हा विष्णुपंत दामले ध्वनिमुद्रणाकडे वळले. चित्राच्या परंपरेत वाढलेल्या माणसाने कानाचे काम स्वीकारावे, ही प्रभातच्या इतिहासातील फारशी न उलगडलेली घटना आहे.

तिचे एक फळ 'कुंकू' (१९३७) मध्ये दिसते. ना. ह. आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरचा, शांतारामांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट जरठ-बाला विवाहावरील सामाजिक टीका म्हणून अभ्यासक्रमांतून शिकवला जातो. त्यात पार्श्वसंगीत कटाक्षाने टाळले आहे, ही बाब मात्र तळटीपेत जाते. वास्तविक ती चित्रपटाच्या अर्थाचा गाभा आहे. नीरेचे दुःख पडद्यामागच्या वाद्यमेळाने वाटून घेतले असते तर प्रेक्षकाला करुणेची सोपी वाट मिळाली असती. ती नाकारल्यामुळे घरातले आवाज आणि घरातली शांतता यांच्याशीच त्याची गाठ पडते. कादंबरीत हा निर्णय शोधून सापडणार नाही, कारण कादंबरीला पार्श्वसंगीत नसतेच. रूपांतराचा अभ्यास येथे केवळ कथानकावर थांबला, तर चित्रपटाने स्वतः काय केले हे कधीच कळणार नाही. प्रभातच्या मंडळींनी हे ज्ञान कोठे लिहून ठेवले नाही. ते कृतीत राहिले, आणि स्टुडिओ बंद पडल्यावर त्याची वाचा गेली. सरकारी संस्था त्याच छपरांखाली उभी राहिली ती मात्र फळा, वेळापत्रक आणि पदविका घेऊन.

या संस्थेत आलेल्या विद्यार्थ्याची पहिली शिक्षिका यंत्रसामग्री होती, असे म्हटल्यास ती अतिशयोक्ती ठरू नये. चित्र एका यंत्रावर, आवाज दुसऱ्या यंत्रावर. चित्रासाठी ३५ मि.मी.ची फिल्म, आवाजासाठी पाव इंची चुंबकीय फीत, आणि दोहोंना जोडणारा दुवा म्हणजे एक लाकडी पाटी. तिचे दोन भाग एकमेकांवर आदळताना दिसतात ती चौकट आणि 'टक्' ऐकू येतो तो क्षण, हे संकलनाच्या टेबलावर जुळवायचे. जे आयुष्यभर एकजीव वाटत आले त्याचे दोन तुकडे विद्यार्थ्याच्या हाती येत आणि ते त्याला स्वतः सांधावे लागत. एकदा सांधता आले म्हणजे न सांधण्याचे स्वातंत्र्यही लक्षात येते. ओठ हलतात आणि आवाज दुसऱ्याच खोलीतून येतो. दार लागते आणि ऐकू मात्र काही येत नाही.

तयार प्रतीत तर हे वेगळेपण कायमचे कोरलेले असते. प्रक्षेपकाच्या झरोक्यात प्रत्येक चौकट क्षणभर थांबावी लागते, सेकंदाला २४ वेळा. त्याशिवाय हालचालीचा भास होत नाही. ध्वनीला मात्र थांबणे मानवत नाही. फीत अखंड, एकसारख्या गतीने सरकली तरच आवाज शाबूत राहतो. म्हणून ध्वनी वाचणारे स्थान चित्राच्या झरोक्यापासून दूर ठेवावे लागते, आणि ३५ मि.मी.च्या प्रतीत एखाद्या चौकटीचा आवाज तिच्या शेजारी नसून सुमारे वीस चौकटी पुढे छापलेला असतो. जवळजवळ पाऊण सेकंदाहून अधिक असे हे अंतर आहे. पडद्यावर शब्द आणि ओठ एकत्र येतात, पण फितीवर ते कधीच एकत्र नसतात. दृश्य व श्राव्य यांच्या ऐक्याबद्दल सौंदर्यशास्त्रात जे काही लिहिले गेले आहे, त्याला हा साधा यांत्रिक तपशील बरेच काही सुनावतो.

दुसरे शिक्षण अंधारात होई. १९६४ साली स्थापन झालेला राष्ट्रीय चित्रपट संग्रह संस्थेला खेटूनच वाढला. प. कृ. नायर यांनी जमवलेल्या प्रतींमुळे जगाचा चित्रपट आणि स्वतःचाच विस्मरणात गेलेला मूकपट एकाच आठवड्यात पाहणे विद्यार्थ्याला शक्य झाले. वाङ्मयाच्या विद्यार्थ्याला ग्रंथालयाचे नवल वाटत नाही. चित्रपटाच्या विद्यार्थ्याला मात्र तोवर ग्रंथालयच नव्हते. पाहिलेला चित्रपट गावातून गेला की आठवणीपुरता उरे. पुन्हा पाहता येणे, थांबवून पाहता येणे, ही चिकित्सेची पूर्वअट प्रथमच पूर्ण झाली.

तिचा पुरेपूर उपयोग केला तो सतीश बहादूर यांनी. आग्र्याच्या फिल्म सोसायटीच्या चळवळीतून आलेल्या या प्राध्यापकाने 'पथेर पांचाली'चे दृश्यखंडागणिक वाचन वर्गात वर्षानुवर्षे केले. काशाच्या पांढऱ्या तुऱ्यांतून दुर्गा आणि अपू आगगाडी पाहायला जातात, हे सर्वांना आठवते. त्याआधी ती दोघे तारेच्या खांबाला कान लावून त्यातली गुणगुण ऐकतात, हे वर्गात कळते. त्या मुलांना आधुनिक जग प्रथम ऐकू येते, दिसते ते नंतर. पुढे हरिहर परततो आणि दुर्गेसाठी आणलेली साडी सर्वजयेच्या हाती ठेवतो, तेव्हा तिचा आक्रोश आपल्याला ऐकू येत नाही. त्याच्या जागी तारशहनाईचा टाहो येतो. तोंड उघडे आहे, आवाज माणसाचा नाही. शोक कमी झाला की वाढला, आणि तो आता कोणाचा, एका आईचा की तिला ओलांडून गेलेला, हे प्रश्न अशा वाचनातून उभे राहतात. बहादूरांच्या पद्धतीवर ती अतिकाटेकोर आहे, एकाच अभिजात कृतीला चिकटून राहणारी आहे, असे आक्षेप घेता येतील. एका कृतीपुरता का होईना, कान शिस्तीत बसला, हे तरीही नाकारता येत नाही. या अध्यापनातूनच पुढे चित्रपट रसास्वाद वर्गांची परंपरा उभी राहिली आणि चित्रपट न करणारा विद्यार्थीही या शिक्षणात शिरला.

ऋत्विक घटक संस्थेत आले ते १९६५-६६ च्या सुमारास, आणि त्यांचे वास्तव्य अल्पकाळाचे ठरले. त्याभोवती आख्यायिका मात्र अफाट जमली. विद्यार्थ्यांत मणी कौल, कुमार शहानी, जॉन अब्राहम. झाडाखालचे वर्ग, मद्य, गुरूचे झपाटलेपण. स्वतः घटकांनीही या अध्यापनकाळाला आपल्या चित्रपटांपेक्षा अधिक मोलाचे मानले होते. आख्यायिका बाजूला सारल्यावर जे उरते ते त्यांच्या ध्वनिपटात ऐकता येते. 'मेघे ढाका तारा' (१९६०) मध्ये नीता सनतच्या खोलीतून बाहेर पडून जिना उतरते तेव्हा चाबकाचे फटकारे ऐकू येतात. दृश्यात चाबूक नाही, कथेतही नाही. हा आवाज वास्तवाला पुरवणी जोडत नाही, त्याच्याशी भांडतो. 'कोमल गांधार' (१९६१) मध्ये कॅमेरा रुळांवरून फाळणीने तोडलेल्या टोकाकडे धावत सुटतो आणि ध्वनिपटावर लोकगीतातील धावा चढत जातो, तेथेही तेच. आयझेनस्टाइन, पुदोव्हकिन आणि अलेक्सांद्रोव्ह यांनी १९२८ च्या निवेदनात ध्वनी चित्राच्या विरोधात उभा करावा असे म्हटले, तेव्हा त्यांच्याजवळ तसा चित्रपट नव्हता. पुण्यातील विद्यार्थ्यासमोर निवेदनही होते आणि चाबूकही.

तरीही 'नवा चित्रपट घटकांच्या वर्गात जन्मला' हे समीकरण स्वीकारण्याचे कारण नाही. एका गुरूपासून संप्रदाय निघाला असे मांडले की इतिहास कीर्तनासारखा गोड होतो, पण त्यातून बाकीचे सगळे गळते. शहानींनी पुण्याच्या काळातच दा. ध. कोसंबी यांच्याकडून इतिहासाकडे पाहण्याची दृष्टी घेतली. चित्रपट संस्थेतील विद्यार्थ्याचे निम्मे शिक्षण संस्थेच्या फाटकाबाहेर, त्याच शहरात चालू होते, हे त्यावरून दिसते. नंतर पॅरिसमध्ये शिकत असताना त्यांनी ब्रेसाँ यांच्याबरोबर काम केले. १९६५ पासून संस्थेत संगीत शिकवणारे भास्कर चंदावरकर यांचे नाव तर या संदर्भात अपवादानेच घेतले जाते. रविशंकरांचा हा शिष्य विद्यार्थ्यांना चित्रपटासाठी चाली बांधायला शिकवत नव्हता. आवाजाकडे संगीत म्हणून, आणि संगीताकडे आवाज म्हणून कसे पाहावे हे शिकवत होता. आणि १९६० मध्येच स्थापन झालेल्या चित्रपट वित्त महामंडळाने सातव्या दशकाच्या अखेरीस नवख्यांना कर्ज दिले नसते, तर हे सारे शिक्षण पदविकापटांच्या डब्यांतच बंद राहिले असते.

कौलांचा 'उसकी रोटी' (१९६९) पाहिला म्हणजे घटकांच्या शिकवणीचे काय झाले याचे उत्तर अनपेक्षित मिळते. मोहन राकेश यांच्या कथेवरील या चित्रपटात चाबूक नाही, टाहो नाही. संवाद सपाट, जवळजवळ वाचून दाखवल्यासारखे आहेत, आणि दोन वाक्यांमधली शांतता वाक्यांहून लांब आहे. छायाचित्रण संस्थेतूनच बाहेर पडलेल्या के. के. महाजन यांचे. २८ आणि १३५ मि.मी. अशा दोन भिंगांमध्ये प्रत्यक्ष आणि मनातले यांची वाटणी करून पुढे ती वाटणीच उलटवली आहे. शिष्याने गुरूचा आवेश पूर्णपणे टाकला, तत्त्व तेवढे ठेवले : चित्र आणि आवाज यांनी एकमेकांची री ओढू नये. शहानींच्या 'मायादर्पण' (१९७२) ला संगीत चंदावरकरांचे. या वळणाच्या चित्रपटांवर प्रेक्षक तर रुसलेच, पण सत्यजित राय यांनीही 'मायादर्पण' आणि कौलांच्या 'दुविधा'बद्दल लेखी नाराजी व्यक्त केली. ज्यांच्या 'पथेर पांचाली'वर ही पिढी वाचायला शिकली, त्यांनाच तिचे लेखन रुचले नाही. रायांच्या तक्रारीत तथ्य नव्हते असे नव्हे. माणसाविषयीची ऊब या चित्रपटांत पुष्कळदा फार खोलवर दडवलेली असते. परंतु ती तक्रार मुख्यतः पात्रांसंबंधीची आहे. या चित्रपटांनी प्रेक्षकाच्या कानाकडून जी मागणी केली तिची दखल त्यात पुरेशी नाही.

मराठीच्या दृष्टीने या शिक्षणाचा सर्वांत थेट परिणाम 'घाशीराम कोतवाल' (१९७६) हा होय. संस्थेतून बाहेर पडलेल्या तरुणांनी सहकारी तत्त्वावर स्थापन केलेल्या युक्त फिल्मने तो केला. दिग्दर्शनात कौल आणि के. हरिहरन यांचा मुख्य वाटा. तेंडुलकरांचे नाटक १९७२ पासून गाजत होते आणि त्याचे संगीतही चंदावरकरांचेच होते. रंगभूमीवर ब्राह्मणांची ती भिंत एकाच वेळी दिसते आणि गाते. शरीरांची रांग आणि सामूहिक स्वर यांत फट नसते, आणि नाटकाची सारी दहशत त्या एकजिनसीपणात आहे. चित्रपटात भिंत फुटते. कॅमेरा तिच्यापासून दूर जाऊ शकतो आणि गाणे मागे ऐकू येत राहते, किंवा भिंत दिसते आणि स्वर तिचा राहत नाही. नाटकाच्या चाहत्यांना हे रसभंगासारखे वाटले, आणि 'नाटकाची मजा गेली' हाच शेरा त्यावर बराच काळ मारला गेला. सत्ता माणसांच्या तोंडून बोलते की माणसे नसतानाही बोलत राहते, हा नाटकाला त्याच्या माध्यमामुळे विचारता न आलेला प्रश्न त्या फटीतून विचारला गेला होता, याकडे मराठी समीक्षेचे लक्ष गेले नाही. नाटकावर मात्र ग्रंथच्या ग्रंथ झाले.

चित्रपट फारसा दाखवला गेला नाही. त्याची प्रत टिकली ती बर्लिनच्या आर्सेनल या संस्थेच्या संग्रहात, आणि तिच्या डिजिटल रूपांतरणाचे कामही तेथेच झाले. आता संकलन करणाऱ्या विद्यार्थ्यासमोर चित्र आणि आवाज संगणकाच्या पडद्यावर एकाखाली एक अशा दोन पट्ट्यांत दिसतात. वीस चौकटींचे अंतर उरलेले नाही आणि पाटी न आपटताही आवाज जुळवता येतो. सांधा कोठे आहे हे आता यंत्र सांगत नाही.