क्याम्पातला सलाम

आमच्या परतवाड्याहून समुद्र शेकडो किलोमीटर पलीकडे. पावसाळ्यात बिच्छन नदी दोन दिवस फुगली की आम्हा पोरांना तोच समुद्र. बाकी गावात काय, तर लाकडाचे डेपो, आरा मशीनचा आवाज, सागाच्या भुशाचा वास आणि हंगामात संत्र्यांचे भरलेले ट्रक. अशा गावातून माझे काकाजी नौदलात गेले. साधे नौसैनिक म्हणून गेले आणि पुढे अधिकारी झाले. ही गोष्ट सांगायची तर समुद्रापासून सुरुवात करून चालत नाही. ती क्याम्पापासून करावी लागते.

परतवाडा म्हणजे जुन्या कागदांतला एलिचपूर कॅम्प. इथे हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. फौज नावाला निजामाची, हुकूम इंग्रज साहेबाचा. या फौजेचा खर्च निघावा म्हणून 1853 च्या तहात इंग्रजांनी अख्खा वऱ्हाड निजामाकडून आपल्या ताब्यात घेतला. म्हणजे आमच्या कपाशीच्या शेतसाऱ्यावर ती पलटण पोसली जात होती. 1903 साली कंटिंजंट इंग्रजांच्या हिंदी फौजेत मिसळली आणि छावणीचं वैभव सरलं, पण गोष्टी मागे राहिल्या.

माझे पणजोबा त्या छावणीत पाणी भरायचे. त्यांनी पाहिलेलं आबाजी आम्हाला सांगत. मिशा पांढऱ्या झालेला, छातीवर बिल्ले असलेला सुभेदार परेडवर उभा राही आणि विलायतेहून नुकताच आलेला गोरा पोट्टा घोड्यावरून येई. सुभेदार खाडकन सलाम ठोके. पोट्टा मात्र त्याच्याकडे पाहतही नसे.

"पाहत नव्हता ना बे!" आबाजी म्हणत. "सलाम गेला हवेत!"

ही काही एका पोराची मस्ती नव्हती, कायदाच तसा होता. हिंदी शिपाई जमादार होई, सुभेदार होई, घोडदळात रिसालदार होई. त्याच्या वर भिंत. अगदी कालचा लेफ्टनंटही त्याच्या वरचा. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस सँडहर्स्टची दारं हिंदी मुलांना थोडी उघडली. नौदलात तर त्याहून उशीर झाला. तिथे पहिले हिंदी अधिकारी डी. एन. मुखर्जी, साल 1928. नौदलाचे पहिले हिंदी प्रमुख ॲडमिरल कटारी 1958 मध्ये झाले, स्वराज्य मिळून अकरा वर्षांनी. ते मुंबईच्या 'डफरीन' या प्रशिक्षण जहाजावर शिकलेले. पण अशा जागी पोचायला आधी घरून शिक्षण आणि इंग्रजी लागे. डेपोत लाकडं मोजणाऱ्याच्या पोरासाठी ती वाट नव्हतीच.

त्या पोरासाठी होता लोअर डेक, म्हणजे खालचा मजला. जहाजावर अधिकाऱ्यांचं जेवणखाण वॉर्डरूममध्ये, नौसैनिकांचं त्यांच्या मेसमध्ये. दोघांचे गणवेश वेगळे, टोप्या वेगळ्या, आणि त्या काळी वागणूकही वेगळी. ही दरी काय करू शकते ते 1946 मध्ये दिसलं. 18 फेब्रुवारीला मुंबईच्या 'तलवार' या नौदलाच्या संदेश प्रशिक्षण केंद्रात नौसैनिकांनी संप केला. जेवण खराब, पगार गोऱ्या नौसैनिकांपेक्षा कमी, वरून साहेबाच्या शिव्या. त्यातली कितीतरी पोरं शिकलेली होती, भरतीच्या वेळी त्यांना मोठमोठी आश्वासनं दिली होती. ती खोटी निघाली. बघता बघता 78 जहाजं, 20 किनारी तळ आणि सुमारे 20,000 नौसैनिक संपात उतरले. एम. एस. खान आणि मदन सिंग संप समितीच्या पुढे होते. मुंबईचे गिरणी कामगारही रस्त्यावर आले, गोळीबारात दोनशेहून जास्त माणसं गेली. सरदार पटेलांच्या सांगण्यावरून 23 फेब्रुवारीला संप मागे घेतला. पुढे शेकडो नौसैनिकांची नोकरी गेली आणि स्वराज्य आल्यावरही नौदलाने त्यांना परत घेतलं नाही. काकाजी म्हणत, "आमी ज्या दारातून वर गेलो ना, थे दार त्या पोरायनं डोक्यानं ठोकलं होतं. आत जाले मात्र आमी मिळालो."

काकाजी 1968 साली गेले. वय सोळा, शिक्षण नववी. आबाजींनी अचलपूरच्या स्टेशनावर शकुंतलेत बसवून दिलं. ती छोटी गाडी रमतगमत मूर्तिजापूरला पोचायची, तिथून मोठी गाडी. पोचले विशाखापट्टणमला, नौदलाच्या पोरांच्या प्रशिक्षण केंद्रात. आयुष्यात पहिल्यांदा समुद्र पाहिला आणि घरी कार्ड टाकलं, 'पाणी खारट आहे, बाकी सर्व ठीक.'

1971 च्या युद्धात ते मुंबईच्या एका जहाजावर होते. 9 डिसेंबरला 'खुकरी' बुडाली. 18 अधिकारी आणि 176 नौसैनिक गेले. कॅप्टन मुल्ला जहाज सोडून गेले नाहीत. त्या यादीत काकाजींच्या ओळखीची दोन पोरं होती. त्यावर ते फार बोलत नसत. एकदाच म्हणाले, "पान्यानं नाही इचारलं कोन वरचा, कोन खालचा."

त्यानंतर त्यांनी मनावर घेतलं. नौसैनिकाला अधिकारी होण्याच्या दोन वाटा होत्या आणि आजही आहेत. एक तरुणांची. तिला नौदलात 'सीडब्ल्यू' म्हणतात, म्हणजे 'कमिशन वर्दी', कमिशन मिळण्यालायक. वरिष्ठांनी शिफारस करायची, शिक्षणाच्या परीक्षा द्यायच्या, मग सर्व्हिसेस सिलेक्शन बोर्डापुढे पाच दिवस. तिथे कॉलेजातून आलेल्या पोरांसोबत एकाच मैदानावर उभं राहायचं. दुसरी वाट 'स्पेशल ड्युटीज' कमिशनची, ती बरीच वर्षं नोकरी झालेल्या अनुभवी पेटी ऑफिसरांची. काकाजींनी पहिली धरली.

त्यांच्या मेसमध्ये रत्नागिरीकडचे एक पेटी ऑफिसर होते. सगळे त्यांना गुरुजी म्हणत. रात्री पाळी संपली की गुरुजी जुना इंग्रजी पेपर पुढ्यात टाकायचे आणि मोठ्यानं वाचायला लावायचे. गुरुजींची स्वतःची पहिल्या वाटेची वयोमर्यादा कधीच उलटली होती. काकाजी पहिल्या वेळी बोर्डातून परत आले. कारण सांगत नाहीत, नुसतं घरी पाठवतात. गटचर्चेत तोंडच उघडलं नव्हतं, हे त्यांना स्वतःलाच ठाऊक होतं. गुरुजी म्हणाले, "इंग्रजी चुकली तर चुकू दे. गप्प बसलास तर तू खालीच शोभतोस असं त्यांना वाटेल."

दुसऱ्या वेळी नाव लागलं. मग कोचीनची नेव्हल अकॅडमी, सोबतची पोरं वयाने लहान. खांद्यावर पट्टी आली आणि बदली दुसऱ्या जहाजावर झाली.

वर्षभराने मुंबईच्या गोदीत गुरुजी समोरून आले. काकाजींना वाटलं, धावत जाऊन पाया पडावं. पण गुरुजी थांबले, ताठ झाले आणि सलाम केला. ज्या हातानं इंग्रजी शिकवली, तोच हात टोपीला. काकाजींनी सलाम परत केला. चार शब्द बोलणं झालं आणि दोघं आपापल्या वाटेनं गेले. संध्याकाळी वॉर्डरूममध्ये घास उतरला नाही. गुरुजींच्या मेसमध्ये जाऊन बसावं तर ते आता रीतीत बसत नव्हतं. वर चढताना खालची जागा आपोआप सुटते, हे भरतीच्या कागदावर लिहिलेलं नसतं.

त्या सुट्टीत ते घरी आले. बहिरमच्या यात्रेचे दिवस होते, घरात पाहुणे. जेवणं झाल्यावर ओट्यावर त्यांनी आबाजींना हे सगळं सांगितलं. मी तेव्हा आठ-नऊ वर्षांचा, आबाजींच्या घोंगडीत. आबाजी बराच वेळ तंबाखू चोळत बसले.

"आता तुले कोनाले सलाम कराच लागते का नाही?"

"लागते ना बाबा. वर कोनी ना कोनी असतेच."

"अन् तुले करनारे?"

"थेही हायेत."

"मंग त्यायच्याकडं पाहत जाय," आबाजी म्हणाले. "सलाम करनाऱ्याच्या तोंडाकडं पाहत जाय. एवढं केलं तरी लय झालं."

काकाजी लेफ्टनंट कमांडर म्हणून निवृत्त झाले आणि परतवाड्यालाच येऊन राहिले. सकाळी फिरायला जात. रस्त्यावर भरतीसाठी धावणारी पोरं भेटली की थांबवून विचारत, "नववी का बारावी? इंग्रजी पेपर वाचता का बे?" कोणी हसत, एखादा संध्याकाळी घरी येई. त्याला ते दोन्ही वाटा समजावून सांगत आणि शेवटी पेपर पुढे सरकवत, "वाच, मोठ्यानं."

शकुंतला आता बंद आहे. छावणीतल्या परेडचं मैदान नेमकं कुठे होतं, हेही आता कोणी सांगत नाही. पण काकाजींना रस्त्यात कोणी नमस्कार केला, मग तो डेपोतला हमाल असो की तहसीलचा साहेब, ते थांबत, त्याच्या तोंडाकडे पाहत आणि मगच हात वर करत.