पाण्याची वाटणी : फडापासून पाणी पंचायतीपर्यंत

धुळे आणि नाशिक जिल्ह्यांत पांझरा, मोसम, गिरणा, आरम या नद्यांवर फड नावाची सिंचनपद्धत तीनशेहून अधिक वर्षे चालत आली. नदीला दगडी बंधारा घालायचा, काठाने पाट काढायचा आणि पाटाखालची जमीन बहुधा चार फडांत विभागायची, अशी तिची रचना. एका फडात एका हंगामाला एकच पीक घेत, आणि कोणत्या फडात कोणते ते शेतकरी मिळून ठरवत. पाटकरी पाणी द्यायचा, जागल्या पिकाची राखण करायचा, आणि दोघांचा मोबदला सगळे मिळून भागवत. पद्धतीचे शहाणपण मात्र जमिनीच्या वाटणीत होते. बहुतेक शेतकऱ्यांचा तुकडा प्रत्येक फडात असे. बंधाऱ्याला पाणी कमी आले की एखादा फड कोरडा ठेवत. त्याने कोणा एकाचे घर बुडत नसे, तूट सर्वांच्या अंगावर थोडीथोडी येई. शेजाऱ्याने पाणी चोरले तर तोटा आपलाही, हे कोणी कोणाला समजावण्याची गरज नव्हती.

विसाव्या शतकात नद्यांवर वरच्या अंगाला धरणे झाली, खाली विहिरींवर पंप बसले. ज्याच्या शेतात स्वतःचे पाणी आले त्याला सगळ्यांच्या निर्णयाची वाट पाहण्याचे कारण उरले नाही. अनेक बंधारे अजून उभे आहेत. त्यांच्यामागची शिस्त मात्र बरीच विस्कटली.

अशी शिस्त नव्याने, तीही परंपरा नसलेल्या मुलखात बसवण्याचा प्रयत्न 1972च्या दुष्काळातून निघाला. पुणे जिल्ह्याचा पुरंदर तालुका पर्जन्यछायेत येतो. सासवड-जेजुरीच्या परिसरात पाऊस मुळातच थोडा, आणि त्याआधीच्या वर्षांतही त्याने दगा दिलेला. रोजगारासाठी काढलेल्या दुष्काळी कामांवर हजारो माणसे खडी फोडत होती. पुण्यात अचूक मोजमापाची यंत्रे बनवणारा कारखाना चालवणारे अभियंते विलासराव साळुंखे ही कामे पाहायला गेले. दरवर्षी खडी फोडून पुढच्या दुष्काळाची काहीच तयारी होत नाही, हे त्यांच्या लक्षात आले. त्यांनी नायगाव येथे देवस्थानची सुमारे 40 एकर पडीक जमीन भाडेपट्ट्याने घेतली आणि 1974 मध्ये ग्राम गौरव प्रतिष्ठान स्थापन केले. उतारावर बांध घातले, पायथ्याशी पाझर तलाव केला, त्याखाली विहीर खणली आणि पाणी पंपाने पुन्हा वर चढवले. माळाला पीक आले. पत्नी कल्पनाताईही या कामात उतरल्या होत्या.

इथवरचे काम स्थापत्याचे होते आणि तुलनेने सोपे. पाणी अडवता येते हे सिद्ध झाल्यावर ते कोणाचे, हा प्रश्न उभा राहिला. त्याला साळुंखे यांनी दिलेले उत्तर पाणी पंचायत या नावाने ओळखले जाते. योजना एकट्यादुकट्यासाठी नाही, गटासाठीच. पाणी जमिनीच्या मापाने नाही तर घरातल्या माणसांच्या संख्येने: माणशी अर्धा एकर भिजेल इतके, आणि एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांपुरते. उसाला बंदी. जमीन विकली तरी तिच्याबरोबर पाण्याचा हक्क विकला जाणार नाही. भूमिहीनालाही पाण्याचा वाटा, मग तो त्याने कोणाच्या रानात वापरावा ते त्याने ठरवावे. खर्चाचा पाचवा हिस्सा गटाने उचलायचा, निम्मा सरकारी अनुदानातून आणि उरलेला प्रतिष्ठानच्या बिनव्याजी कर्जातून.

यातला प्रत्येक नियम कोणाच्या तरी हिताच्या आड येत होता. वीस एकरांच्या धन्याला आणि दोन एकरवाल्याला, दोघांच्या घरी पाच माणसे असतील तर, पाणी सारखेच. मोठ्या शेतकऱ्याने ते का मान्य करावे? ज्याच्या नावावर सात-बारा नाही त्याला पाण्यात हक्क, ही कल्पना तर गावाच्या उतरंडीलाच धक्का देणारी. म्हणून गट बांधायला वेळ लागे, आणि काही ठिकाणी तो जमतच नसे. सरकारी अनुदानाचे कागद टेबलावर पडून राहिले की तयार झालेली माणसेही गळत.

सगळ्यात अवघड ठरला उसाचा नियम. बाहेरून पाहणाऱ्याला ऊस लावणे हा शेतकऱ्याचा हट्ट वाटतो, पण त्यात हट्टापेक्षा हिशोब अधिक आहे. उसाचा किमान दर केंद्र सरकार ठरवते, तोडणी-वाहतुकीची व्यवस्था कारखाना लावतो, कर्ज सहज मिळते, आणि हे पीक गारपिटीला किंवा उशिराच्या पावसाला भाजीपाल्यासारखे बळी पडत नाही. ज्वारी, कांदा, टोमॅटो यांच्यामागे असे कोणी उभे नाही. दुष्काळी भागात उसाला नको म्हणणारा शेतकरी शेजाऱ्यांसाठी पाणी राखतो आणि जोखीम एकट्याच्या डोक्यावर घेतो. पाणी पंचायतीने त्याला त्या बदल्यात दिली ती गटाची हमी. गटाबाहेरची बाजारपेठ बदलणे तिच्या हातात नव्हते.

1980च्या दशकात पुरंदर आणि आसपासच्या भागात अनेक गट उभे राहिले. पुढे काही बंद पडले. पंपांची वीजबिले थकली, पहिली पिढी थकली, आणि बाहेरून पाणी येण्याची आशा दिसली तिथे वाटणीचा धाक सैल झाला. फडाची गोष्ट इथे वेगळ्या रूपात पुन्हा घडली.

दरम्यान अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील हिवरे बाजारने जवळपास तेच सूत्र ग्रामसभेच्या हाती दिले. पोपटराव पवार 1989 मध्ये सरपंच झाले. चराईबंदी, कुऱ्हाडबंदी आणि श्रमदानाबरोबर शेतीसाठी बोअरवेल न घेण्याचा नियमही गावाने पाळला. दरवर्षी पडलेला पाऊस मोजून गाव पाण्याचा ताळेबंद मांडते आणि त्यावरून पिके ठरवते. चराईबंदीचा भार आधी ज्यांच्याकडे शेळ्यामेंढ्या आहेत त्यांच्यावर पडतो, ही बाजू आदर्श गावांच्या कौतुकात सहसा मागे राहते.

आता पाऊसच बदलतो आहे. मध्य भारतात मोठ्या प्रदेशावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना 1950 ते 2015 या काळात तिपटीने वाढल्याचे 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले. थोड्या दिवसांत धो-धो आणि मग लांब उघडीप, असे चक्र आले की वर्षाची सरासरी फसवी ठरते. 2016च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले, आणि त्याच मराठवाड्यात साखर कारखाने उभे होते.

राज्याने 2005 मध्ये सिंचनाचे व्यवस्थापन शेतकऱ्यांच्या पाणी वापर संस्थांकडे देणारा कायदा केला. गटाने पाणी घेऊन आपसांत वाटावे, ही कल्पना त्यात आली. साळुंखे यांचे निधन त्याआधी, 2002 मध्ये झाले होते. भूमिहीनांना पाण्याचा वाटा देण्याचा त्यांचा नियम मात्र कायद्यात उतरला नाही; संस्थेचे सभासदत्व लाभक्षेत्रात जमीन धारण करणाऱ्यांपुरतेच राहिले.