कृतीतून विज्ञान

कृतीतून विज्ञान : (प्राथमिक शिक्षण). पहिली ते पाचवीच्या मुलांनी वस्तू हाताळून, मोजून, पेरून, मोडून-जोडून भोवतालच्या घडामोडी समजून घ्याव्यात, अशी अध्यापनपद्धती. महाराष्ट्राच्या शाळांत या वयाला ‘विज्ञान’ नावाचा वेगळा विषय नसतो. तिसरीपासून पाचवीपर्यंत तो ‘परिसर अभ्यास’ या नावाखाली शिकवला जात आला आहे. मुलांच्या हाताला काहीतरी काम देणे एवढाच या पद्धतीचा अर्थ पुष्कळदा घेतला जातो. थर्माकोलची सूर्यमाला हे त्याचे ठरलेले उदाहरण. ती बव्हंशी आई-वडील करतात, मूल ती रिक्षातून जपून शाळेत नेते, आणि प्रदर्शन संपले की ती कपाटावर जाते. कृती झाली, पण तिने कोणत्या प्रश्नाचे उत्तर दिले? कृतीच्या आधी प्रश्न आणि अंदाज, आणि नंतर अंदाज का चुकला यावर वर्गात भांडण, एवढे मिळून या पद्धतीचा एक पाठ होतो. हाताचे काम त्याच्या मधोमध येते.

सावलीचा पाठ जवळून पाहिला तर हे स्पष्ट होईल. पटांगणात हातभर लांबीची काठी सरळ रोवायची. ओळंबा म्हणून दोरीला बांधलेला दगड पुरतो. मुलांना विचारायचे, सावली सर्वांत आखूड कधी होईल? ‘बारा वाजता’ हे उत्तर एकसुरात येते, कारण ते सगळ्यांनी ऐकलेले असते. मग साडेअकरापासून एक वाजेपर्यंत दर दहा मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खूण करून लांबी पट्टीने मोजायची. पुण्यातल्या शाळेत बारा वाजून जातात तरी सावली आखूड होतच राहते. नोव्हेंबरच्या सुरुवातीला ती सर्वांत आखूड होते ती बारा वाजून अठरा मिनिटांच्या सुमारास, आणि फेब्रुवारीच्या मध्यावर तर पाऊण उलटून गेल्यावर. नागपुरात नोव्हेंबरमध्ये हाच क्षण बाराच्या थोडा अलीकडे येतो. कारण सोपे आहे : आपली घड्याळे ८२.५° पूर्व रेखांशावर लावलेली आहेत आणि पुणे त्याच्या पश्चिमेला साडेआठ अंशांहून जास्त आहे. दर अंशाला चार मिनिटे. पृथ्वीची लंबवर्तुळाकार कक्षा आणि कललेला आस यांमुळे यात वर्षभर सुमारे पाव तासाची आणखी ये-जा होते. चौथीच्या मुलाला हे सगळे सांगायची गरज नाही. पुस्तकातले बारा आणि आपल्या काठीचे बारा जुळत नाहीत, हे त्याने स्वतः मोजलेले असते. अशा वेळी वर्गातला एखादा हुशार मुलगा ‘चूक होऊ नये’ म्हणून आपली मापे खोडून बारा वाजताची सावली सर्वांत आखूड करून ठेवतो. शिक्षकाने नजर ठेवायची ती त्याच्यावर.

याच काठीचा पुढचा पाठ म्हणजे शून्य सावली. सबंध महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्याने येथे वर्षातून दोनदा सूर्य भर माध्यान्ही थेट डोक्यावर येतो व उभ्या वस्तूची सावली तिच्या बुडाशी नाहीशी होते. पुण्याला पहिला दिवस मेच्या मध्याआधी येतो. तेव्हा शाळेला सुट्टी असते. दुसरा जुलैच्या अखेरीस, तेव्हा ढग असतात. शाळेच्या वेळापत्रकाला सूर्य मुळीच भीक घालत नाही.

वस्तू दाखवून शिकवण्याची कल्पना जुनी आहे. स्विस शिक्षणतज्ज्ञ पेस्टालॉत्सी यांच्या विचारांतून एकोणिसाव्या शतकात युरोपभर वस्तुपाठ रूढ झाले. तो शब्द मराठीत आजही आहे, पण त्याचा अर्थ ‘अनुकरणीय उदाहरण’ असा झाला आणि वस्तू मागे पडली. त्या काळी वस्तू बहुधा शिक्षकाच्याच हातात असे. मुलांनी ती पाहायची. १९३७ साली वर्ध्याला भरलेल्या शिक्षण परिषदेतून पुढे आलेल्या नई तालीममध्ये मूल स्वतः काम करू लागले, मात्र तिथे केंद्रस्थानी हस्तव्यवसाय होता. महाराष्ट्राच्या दृष्टीने याहून जवळचे काम ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांचे. १९४५ मध्ये बोर्डीला सुरू झालेले त्यांचे बालशिक्षणाचे काम १९५७ मध्ये कोसबादच्या टेकडीवर गेले. माँटेसोरी शिक्षणपद्धतीची महागडी साधने बाजूला ठेवून त्यांनी शंख-शिंपले, बिया, दगड, पाने हीच साधने केली. गुरे राखणाऱ्या आदिवासी मुलांना शाळेत येता येत नसे म्हणून तिथे कुरणशाळा भरत. ज्या मुलाला पंधरा गवतांची नावे येतात त्याला ‘वनस्पतींचे उपयोग’ हा धडा फळ्यावरून शिकवण्यात काय अर्थ, हा प्रश्न तिथे आपोआप सुटला.

दुसऱ्या महायुद्धानंतर बेचिराख झालेल्या देशांतील शाळांसाठी घरगुती वस्तूंतून प्रयोग सुचवणारी एक पुस्तिका निघाली. तिचा विस्तार होऊन १९५६ मध्ये युनेस्कोने विज्ञानशिक्षकांसाठीचे मोठे स्रोतपुस्तक काढले. १९६०च्या दशकात इंग्लंड-अमेरिकेत असे प्रकल्प बरेच झाले. फ्रान्समध्ये १९९६ साली नोबेल विजेते भौतिकीविज्ञ झॉर्झ शारपाक यांनी प्राथमिक शाळांसाठी उपक्रम सुरू केला. त्याच्या फ्रेंच नावाचा अर्थ ‘कणकेत हात घालणे’ असा आहे.

भारतातला या पद्धतीचा एक मोठा प्रयोग मध्य प्रदेशात होशंगाबाद (आता नर्मदापुरम) जिल्ह्यात झाला. तो सहावी ते आठवीचा, म्हणजे काटेकोरपणे पाहता या नोंदीच्या कक्षेबाहेरचा. पण त्याला वगळून विषय पुरा होत नाही. १९७२ मध्ये किशोर भारती आणि रसूलियाचे फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी १६ सरकारी शाळांत तो सुरू केला. १९७८ मध्ये तो जिल्हाभर पोचला आणि १९८२ मध्ये स्थापन झालेल्या एकलव्य संस्थेने पुढे चालवला. त्याच्या ‘बाल वैज्ञानिक’ या पाठ्यपुस्तकात उत्तरे छापलेली नसत. प्रयोग केला नाही तर धडा पुढेच सरकत नसे. मुले चौघाचौघांच्या टोळ्यांत काम करत. शिक्षकांच्या मासिक बैठका होत, आणि त्यांत फसलेल्या प्रयोगांची चर्चा यशस्वी प्रयोगांइतकीच चाले. मुलांचे प्रश्न सवालीराम या काल्पनिक व्यक्तीच्या नावे टपालाने येत आणि त्यांना उत्तरे जात. परीक्षेत पुस्तक उघडे ठेवायला परवानगी होती, शिवाय प्रत्यक्ष प्रयोगाचीही परीक्षा असे. राज्य सरकारने २००२ मध्ये हा कार्यक्रम बंद केला.

या कार्यक्रमाचा एक धागा पुण्यात आला. आयआयटी कानपूरचे अभियंते अरविंद गुप्ता पुण्याच्या टेल्को या मोटार कारखान्यातून रजा घेऊन १९७८ मध्ये होशंगाबादला गेले. तिथे त्यांनी सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे आणि आगपेटीच्या काड्या एकमेकांत खोचून आकृत्या करायला सुरुवात केली. तीन काड्यांचा त्रिकोण कितीही दाबला तरी आकार सोडत नाही. चार काड्यांचा चौकोन बोटाने ढकलला की लगेच तिरपा होतो. त्याला कर्णाची काडी लावली की तो ताठ उभा राहतो. वर्गाच्या पत्र्याखालच्या कैच्या त्रिकोणीच का, हे त्यानंतर सांगावे लागत नाही. मुलांच्या माना आपोआप वर जातात. गुप्ता यांनी पुढे पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र केंद्रातील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत २००३ ते २०१४ या काळात काम केले. टाकाऊ वस्तूंपासून करायच्या त्यांच्या शेकडो खेळण्यांच्या कृती मराठीसह अनेक भाषांत मोफत उपलब्ध आहेत. मुंबईत मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने (स्थापना १९७४) जयश्री रामदास यांच्या पुढाकाराने प्राथमिक इयत्तांसाठी पुस्तकांची मालिका केली. व्याख्या पाठ करण्याऐवजी निरीक्षण, चित्र काढणे आणि बोलणे यांवर तिचा भर आहे.

पद्धतीतला खरा धोका साहित्याच्या कमतरतेत नाही, प्रयोगातून चुकीचे उत्तर पक्के होण्यात आहे. ताटलीतल्या पाण्यात मेणबत्ती पेटवून वर पेला उपडा घालायचा प्रयोग घरोघरी माहीत आहे. मेणबत्ती विझते, पाणी आत चढते, आणि शिक्षक सांगतात की हवेतला पाचवा भाग ऑक्सिजन जळाला, म्हणून पाणी तेवढे चढले. मुलांनी नीट पाहिले तर ज्योत जळत असताना पाणी फारसे चढत नाही. ती विझल्यावर झपाट्याने चढते. एकाऐवजी चार मेणबत्त्या लावल्या तर ते आणखी वर जाते, ऑक्सिजन तर तेवढाच होता. तापून फुगलेली हवा पेल्यातून बाहेर पडते आणि उरलेली थंड होऊन आक्रसते, हे मुख्य कारण. म्हणजे प्रयोग बरोबर, निष्कर्ष चूक. आणि हातांनी केलेला असल्यामुळे तो चुकीचा निष्कर्ष जास्तच घट्ट बसतो. मटकीच्या प्रयोगात असे होत नाही. कोरडी, ओल्या फडक्यातली आणि पाण्यात पूर्ण बुडवून ठेवलेली अशा तीन वाट्यांतली तिसरी वाटी तिसऱ्या दिवशी वास मारू लागते. ‘पाणी तर भरपूर होते’ हा मुलांचा युक्तिवाद तिथेच अडतो, आणि हवेचा प्रश्न त्यांच्याकडूनच येतो.

शिक्षण हक्क कायद्याने (२००९) कृती, शोध व अन्वेषण यांतून शिकवणे अपेक्षित धरले आहे. व्यवहारात अडचणी साध्या असतात. जिल्हा परिषदेच्या शाळेला मिळालेली विज्ञानपेटी जडवस्तू नोंदवहीत चढते. भिंग फुटले तर बदलीच्या वेळी चार्ज देताना उत्तर द्यावे लागते, म्हणून पेटी कुलुपात राहते. नारळाची करवंटी, बाटलीचे झाकण, स्ट्रॉ, चिंचोके यांना नोंदवही नसते, हा स्वस्त साहित्याचा फारसा न सांगितला जाणारा गुण आहे. द्विशिक्षकी शाळेत दोन इयत्ता एका खोलीत बसतात. तिथे एक गट मोजमापात गुंतला की गुरुजींना दुसऱ्या इयत्तेकडे वळता येते, त्यामुळे ही पद्धत मोठ्या शहरी वर्गापेक्षा वाडीवरच्या शाळेला कधी कधी जास्त सोयीची ठरते.

मूल्यमापनाचे घोडे मात्र अडलेले आहे. २०१० पासून लागू झालेल्या सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात आकारिक मूल्यमापनाचे एक साधन म्हणून ‘प्रात्यक्षिक/प्रयोग’ आहे आणि प्रत्येक मुलाची वर्णनात्मक नोंद ठेवायची असते. या नोंदींची तयार पुस्तके बाजारात मिळतात. ‘प्रयोग आवडीने करतो’, ‘निरीक्षणे अचूक नोंदवतो’ अशी वाक्ये त्यांतून उतरवली जातात, आणि आपली मापे खोडणाऱ्या मुलालाही दुसरे वाक्य मिळते.