पास्क फ्लॉवर: चुनखडीच्या माळावरून बागेत

पास्क फ्लॉवर ही युरोपातील चुनखडीच्या कोरड्या गवताळ माळांवरची बहुवर्षायू वनस्पती. ईस्टरच्या सुमारास ती फुलते. त्यावरूनच इंग्लंडमध्ये जॉन जेरार्डने 1597 च्या आपल्या वनौषधिग्रंथात तिला ‘पास्क फ्लॉवर’ म्हणजे ईस्टरचे फूल हे नाव दिले. लिनियसने 1753 मध्ये तिला ॲनिमोन प्रजातीत बसवले. 1768 मध्ये चेल्सीच्या औषधी वनस्पती उद्यानाचा प्रमुख फिलिप मिलर याने तिला ‘पल्सेटिला व्हल्गॅरिस’ म्हटले. पल्सेटिला हे नाव मराठी वाचकांना होमिओपॅथीमुळे ओळखीचे असते.

मिलरने ॲनिमोनपासून केलेली ही फारकत बागेत तपासून पाहता येते. ॲनिमोनची फळे आखूड चोचीची असतात, तर पल्सेटिलाची परागवाहिनी फलधारणेनंतर लांबत जाऊन पिसासारखी होते. फूल गळल्यावरचे हे रुपेरी झुबके हीच सर्वांत खात्रीची खूण. शिवाय कळ्या, देठ व कोवळी पाने रेशमी लवेने झाकलेली असतात. सहा जांभळ्या दलांमध्ये पिवळ्या केसरांचा गुच्छ असतो.

लागवडीचे नियम मूळ माळाकडूनच आले आहेत: भरपूर ऊन, पाणी न साचणारी जमीन आणि ताजे बी. मुळे खोल जात असल्याने वाढलेले रोप हलवू नये. सर्व भाग विषारी आहेत.

बागांत ती रुळली, पण माळांवर विरळ झाली. नांगरट वाढली, मेंढ्यांची चराई थांबली आणि उंच गवताने तिला झाकले. हर्टफर्डशायरमधील थेरफील्ड हीथ हे तिचे इंग्लंडमध्ये उरलेल्या मोजक्या ठिकाणांपैकी एक.